चिनी अक्षरांचे मासे

टेक्सासमधल्या फ्रिस्कोच्या आमच्या घरात तीन भाषा होत्या. बायको चीनची, मी नागपूरचा. आम्ही दोघं एकमेकांशी इंग्रजीत बोलायचो. मुलीशी ती चिनीत बोलायची, मी मराठीत, आणि मुलगी दोघांनाही इंग्रजीत उत्तरं द्यायची. आईला मात्र ती चिनी पद्धतीनं 'मामा' म्हणायची. व्हिडिओ कॉलवर ते ऐकून माझ्या आईला हसू आवरायचं नाही. "अगं, मामा कुठला? ती आई आहे तुझी!"

मुलीला कळतं तेवढं चिनी पुरे, असं मला वाटायचं. बायकोला ते पुरेसं नव्हतं. "वाचता आलं नाही तर भाषा घरातच राहते," ती म्हणायची. "दाराबाहेर पडली की संपली." रविवारच्या चिनी शाळेत एकच अक्षर पानभर गिरवायला लावायचे, त्याला मुलगी कंटाळली. मग बायकोनं घरीच खेळ करायला घेतले.

पहिला खेळ माशांचा. पुठ्ठ्याचे मासे कापून तिनं त्यांच्यावर जाड मार्करनं एकेक अक्षर लिहिलं आणि तोंडाशी कागदाला लावायची स्टीलची क्लिप अडकवली. जेवायच्या चॉपस्टिकला दोरा बांधून टोकाला फ्रिजवरचा मॅग्नेट लावला. कार्पेटवर निळी चादर पसरली की झाला तलाव. पकडलेला मासा वाचता आला तर आपला, नाहीतर परत पाण्यात. मीही बसायचो. माझे सगळे मासे परत पाण्यात जायचे आणि मुलगी टाळ्या पिटायची.

दुसरा खेळ भिंतीवरचा. अक्षरांचे कागद टेपनं भिंतीला लावायचे, आईनं शब्द ओरडायचा आणि मुलीनं माश्या मारायच्या प्लास्टिकच्या जाळीनं ते अक्षर फाडकन हाणायचं. अक्षरंही चित्रांसारखी: एक झाड म्हणजे झाड, दोन झाडं शेजारी काढली की झाडी, तीन काढली की जंगल. झाडाला टेकलेला माणूस म्हणजे विश्रांती. हे ऐकून मुलगी सोफ्याला टेकून म्हणाली होती, "मामा, मी झाडाशिवाय विश्रांती."

मग बायकोला कॅन्सर निघाला. ट्रीटमेंट सुरू झाली, केस गेले, चव गेली. खेळ मात्र बंद झाला नाही. ती पलंगावरून शब्द सांगायची, मुलगी पलंगासमोरच्या भिंतीवर जाळी मारायची. दुपारी मुलगी शाळेत असली की ती नवे कागद करत बसायची. एकदा मी घरून काम करत होतो, चहा द्यायला आत गेलो तर ती प्रत्येक कागदाच्या मागे इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहीत होती, वर सुरांच्या खुणा घालून.

"हे कुणासाठी?" मी विचारलं. "पोरीला तर लागत नाही."

"तुझ्यासाठी."

"मला काय करायचंय? खेळवणारी तू आहेस ना."

तिनं मार्करचं टोपण लावलं आणि म्हणाली, "चहात साखर घातलीस का? मला कळतच नाही."

हिवाळा संपता संपता ती गेली.

काही आठवड्यांनी मुलगी स्वतःच जाळी घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "बाबा, तू शब्द सांग." मी कागद भिंतीवर लावले आणि मागचे उच्चार पाहून ठेवले. पहिला शब्द मी मुद्दाम सोपा निवडला, आई. मी ओरडलो. मुलीनं घोड्यावर जाळी मारली.

"आई म्हणालो मी, घोडा नाही."

"तू घोडा म्हणालास, बाबा."

चिनीत त्या दोन्ही शब्दांचा उच्चार एकच, फक्त सूर वेगळा. मी पुन्हा म्हणालो. पुन्हा घोडा. तिसऱ्यांदा तिला रडू फुटलं. "मामा असं नाही म्हणत!" जाळी फेकून ती खोलीत गेली. मी भिंतीवरचे कागद एकेक करून काढले. टेपबरोबर भिंतीचा रंगही थोडा थोडा निघून आला.

मे महिन्यात सासूबाई आल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला चिनी येत नव्हतं. फोनवरचा ट्रान्सलेटर मध्ये धरून आम्ही भाजी, दूध, औषध एवढंच बोलायचो. आल्यावर दोन-तीन दिवसांनी त्यांना कपाटात माशांचा खोका सापडला. मी ऑफिसातून आलो तेव्हा त्या कपाटासमोर जमिनीवर बसलेल्या होत्या. मांडीवर सगळे मासे होते आणि लेकीच्या अक्षरावरून त्या अंगठा फिरवत होत्या. मी त्यांच्या शेजारी बसलो. ट्रान्सलेटर काढला नाही.

तो खेळ त्यांनी नातीपुढे मांडला नाही. स्वतःचा नवा काढला. पाण्याची बादली आणि रंगाचा जाड ब्रश घेऊन त्या ड्राइव्ह-वेवर अक्षरं लिहायच्या, अगदी सकाळी, ऊन चढायच्या आत. टेक्सासचं काँक्रीट लवकर तापतं, शेवटची रेघ ओढेपर्यंत पहिली सुकायला लागायची. ते पुसलं जायच्या आत नातीनं वाचायचं. सुरुवातीला ती दारातूनच बघायची. मग पायरीवर बसायला लागली. एका सकाळी बाहेरून तिचं ओरडणं ऐकू आलं, चिनीत, आणि मागोमाग सासूबाईंचं हसणं. त्या आल्यापासून हसलेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

अस्थींचा प्रश्न राहिला होता. माझ्या आईला त्या नदीत सोडायला हव्या होत्या. सासूबाईंना वर्षातून एकदा झाडून-पुसून फुलं वाहायला जागा हवी होती. मी सासूबाईंचं ऐकलं. थडग्याच्या दगडावर काय कोरायचं ते त्यांनीच लिहून दिलं. अस्थी पुरल्या आणि त्यांच्या व्हिसाची मुदत संपत आली. दगड बसायच्या आधीच त्यांना परत जावं लागलं. एअरपोर्टवर नात त्यांच्या कमरेला बिलगली ती सुटेना.

एप्रिलमध्ये त्यांच्याकडे पितरांची थडगी झाडायचा दिवस असतो. सासूबाईंनी फोनवर नातीला बजावून सांगितलं होतं, म्हणून पुढच्या वर्षी आम्ही दोघं गेलो. मुलीनं ओल्या कपड्यानं दगड पुसला आणि वाचायला लागली. आडनाव आलं. 'आई' आलं. नावातलं एक अक्षर अडलं.

"डावीकडे पाणी आहे," ती म्हणाली. "पाण्याचं काहीतरी. पण हे मामानं कधी शिकवलंच नाही."

ते अक्षर मला येत होतं. चिनीतलं तेवढं एकच. लग्नाआधी कॉलेजच्या कॅफेटेरियात बसून बायकोनं ते माझ्याकडून पेपर नॅपकिनवर घोटून घेतलं होतं. ज्या मुलीशी लग्न करायचंय तिचं नाव तरी लिहिता आलं पाहिजे, म्हणून.

"मोठी लाट," मी म्हणालो. "तिचं नाव आहे ते."

मी उच्चारही करून दाखवला. सूर बरोबर आला की नाही, कोण जाणे. मुलीनं त्या अक्षरावरून ओला कपडा पुन्हा फिरवला. मग विचारलं, "तिनं याचा मासा का नाही केला?"

"तुला कशाला लागणार होतं ते? तू तिला मामाच म्हणायचीस."

तिनं बोट दगडावर ठेवलं आणि रेघा कुठून सुरू होतात ते मला विचारत विचारत अक्षर गिरवलं. मला क्रम आठवत होता. शेवटच्या रेघेपर्यंत.

आता ती मिडल स्कूलमध्ये आहे. शाळेत तिनं स्पॅनिश घेतलंय, मैत्रिणी आहेत म्हणून. सासूबाईंना फोनवर नीट ऐकू येत नाही, त्यामुळे त्या लिहून पाठवतात. मुलगी थोडं वाचते, बाकीचं ट्रान्सलेटरमध्ये टाकते. दर वेळी टाकायचं जरा जास्त असतं. परवा मी विचारलं, पुन्हा शिकतेस का, कुणीतरी शिकवणारं बघू या.

"नको, बाबा," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्या आवाजात नको."

मी आग्रह केला नाही. तिनं आजीला उत्तर लिहिलं, दोन ओळींचं, पाठवलं, आणि फोन टेबलावर उलटा ठेवून होमवर्क काढला.