पुस्तकातला उंदीर

मेलेल्या उंदराचं पोट उघडण्याआधी आबा त्याला विचारायचे, "तुझं कसं हाय?" गावात सोयऱ्याला विचारावं तसं. जरा थांबायचे, जणू तो उत्तर देणार आहे, आणि मग कात्री लावायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं, म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलंय.

वराळ्याजवळच्या आमच्या लॅबमध्ये पोटाच्या आजारांवरची औषधं उंदरांवर तपासतात. आबा तिथले जनावरांचे डॉक्टर. सगळी सरकारी नोकरी मावळातल्या गाईम्हशी तपासण्यात गेली, आणि निवृत्तीनंतर कार्ल्याच्या घरी बसवेना म्हणून इकडे आले. माणसाला ते गावाच्या नावानं हाक मारत. मी 'मळवली'. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. पदवी घेऊन आलेल्या मुलीला कुणी स्टेशनच्या नावानं बोलवावं, हे मला रुचलं नाही. तसं तोंडावर सांगितलं. आबा म्हणाले, "बरं. बीएस्सी मळवली." पुढे तेच नाव चाललं.

आतडं मोजायला त्यांनीच शिकवलं. ओल्या काचेवर ठेवायचं, बोटानं हलकेच सरळ करायचं आणि शेजारी पट्टी धरायची. माझा हात जरा जड पडला की म्हणायचे, "ओढू नको. भाताचा भारा बांधतीस का? आतडं ओढावं तेवढं लांबतं, आन् मग पट्टी खोटं बोलती." दुसरं एक वाक्य दिवसातून एकदा तरी ऐकायला मिळायचं. "पुस्तकातला उंदीर एकच असतो. आपल्याकडं पिंजरे भरून हायेत."

त्या वाक्याचा अर्थ मला कळला तो माझी नोकरी जायची वेळ आली तेव्हा. मी अजून कायम झाले नव्हते. आतड्याला सूज आली की उंदराचं मोठं आतडं आखूड होतं. औषध लागू पडलं तर सूज कमी, आणि लांबी टिकते. आम्ही तपासत होतो त्या औषधानं लांबी छान टिकली होती, फक्त एका उंदराचं आतडं फारच आखूड निघालं. लॅबचे प्रमुख सर म्हणाले, "तू चुकीचं मोजलंस. हा आकडा काढ."

"मी बरोबर मोजलंय, सर."

"मग तुझ्या हाताला वळण नाही, असं मला वर कळवावं लागेल."

त्याच आठवड्यात मला ठेवायचं की नाही हे ठरणार होतं. घरी परत जाऊन बंगल्यांची राखण करणाऱ्या वडिलांना काय सांगायचं, हे मनात जुळवतच मी आबांकडे गेले. वाटलं होतं, ते सरांना दोन शब्द सांगतील. ते म्हणाले, "मी कशाला सांगू? माप तुजं हाय. चल, त्येंच्यासमोर मोज."

औषधी पाण्यात जपून ठेवलेलं तेच आतडं मी सरांसमोर काचेवर ठेवलं. आबा खुर्चीत बसून बघत होते. माप तेच आलं.

मग आबांनी विचारलं, "सर, ज्यांना सूजच न्हवती, त्या धडधाकट उंदरांची आतडी एकेक करून मोजलीत का?"

"त्यांची लांबी छापील आहे, आबा. सगळे वापरतात."

"म्हंजे पुस्तकातल्याची."

ती आतडीही बाटल्यांत होती. दुपारभर मी मोजत राहिले. एकाच जातीचे, एकच खाणं खाणारे उंदीर, पण कुणाचं आतडं लांब, कुणाचं आखूड. एकाचं तर सूज नसताना माझ्या त्या उंदराइतकंच आखूड. सरांनी आकड्यांचा कागद ओढून घेतला. "आता सगळा अहवाल पुन्हा लिहायचा," ते म्हणाले.

"लिवा की. हात झिजत न्हाई."

सर माणूस सरळ. त्यांनी माझा आकडा ठेवला, आणि मलाही. आज पोटाच्या आजारांवरच्या कामात माझ्या मापाला कुणी शंका घेत नाही. हे मी अभिमानानं सांगते, आणि हा अभिमान मला आबांनी मिळवून दिला.

कायम झाल्याचं सांगायला कार्ल्याला गेले तर आबा अंथरुणावर. ॲपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं. माझी बातमी ऐकून त्यांनी नुसती मान हलवली आणि म्हणाले, "आता मी येत न्हाई लॅबला. झालं माझं." त्यांनी मला जवळ बसायला सांगितलं.

"तुला गंमत सांगतो, मळवली. ऑपरेशनला लय वेळ लागला. डॉक्टर म्हणतो, आबा, तुमचं ॲपेंडिक्स जागेवर न्हवतं, पार वर लिव्हरखाली सापडलं. मी म्हटलं, त्ये त्याच्या जागेवरच व्हतं. तुमी दुसरीकडं हुडकत व्हता."