पाच दिवसांचा रकाना

ही गोष्ट मी आजवर कुणापाशी काढलेली नाही. बायकोपाशीही नाही, आणि तिला तर माझ्या दाढदुखीचीसुद्धा रोजची खबर असते. चार पावसाळे गेले. आता लिहायला बसलो तरी हात दुसरंच काही लिहू पाहतो — काम किती मोठं होतं, माणसं किती कमी होती. ते खरंच होतं. पण ते सांगायला मी बसलेलो नाही.

तुमसरच्या एका लहान संस्थेत मी शेतीचं काम बघतो. आंबागडच्या डोंगराखाली धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, पायरीपायरीनं उतरत जातात, तिथलं हे काम. बांध्यांत मारलेलं तणनाशक पावसाच्या पाण्याबरोबर किती वाहून जातं, आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गवत राखलं, पाणी अडवलं तर किती थांबतं, याचं गणित संगणकावर मांडायचं होतं. गणित नागपूरच्या एक मॅडम मांडत. आकडे मी गोळा करायचो. उतार, माती, पाऊस, औषधाची मात्रा — आणि एक रकाना: फवारणीनंतर बांधीत पाणी किती दिवस अडवलं?

पाच दिवस अडवा, हे लोकांना शिकवणारा मीच. त्यासाठी समाजमंदिरात वर्ग घेतले होते. मग रोवणी झाली, औषध पडलं, आणि दुसऱ्याच दिवशी असा पाऊस लागला की नुकते रोवलेले पऱ्हे, धानाची कोवळी रोपं, बुडाले. मी धुऱ्याधुऱ्यानं चालत गेलो. एकामागून एका धुऱ्याला खांड पाडलेली, पाणी सोडून द्यायला. पाणी एका बांधीतून दुसरीत, तिथून आणखी खाली. एका म्हाताऱ्यानं फावडं न थांबवता विचारलं, "पऱ्हे कुजले त तुमी येसान का साहेब, रोवाले?" आजूबाजूचे हसले. मीही हसलो. त्याचं काय चुकत होतं?

चुकलो मी — घरी येऊन तक्ता भरताना. सगळ्या बांध्यांपुढे मी 'पाच' लिहिलं. वरून खाली, एकाच पेनानं. का? कुणाचा दबाव नव्हता. माझे वर्ग वाया गेले, हे माझ्याच अक्षरात मला लिहवेना. एवढंच कारण.

मॅडमचा फोन आला होता. सगळीकडे पाचच कसे, असं त्यांनी विचारलं. तिथं तरी थांबता आलं असतं, नाही का? मी म्हणालो, लोक पाळतात, मॅडम, आम्ही शिकवलंय. त्या खूश झाल्या. नकाशा आला तेव्हा सगळा पट्टा हिरवा होता. हिरवा म्हणजे धोका नाही.

इथवरचं कदाचित मी कधीतरी चहा पिता पिता सांगूनही टाकलं असतं. पण त्या हिरव्या पट्ट्याच्या तळाशी देवकाबाईची बोडी होती — शेतातलं लहानसं तळं. त्या वर्षी तिनं पहिल्यांदाच त्यात मासे सोडले होते. बोटाएवढी पिल्लं. पाण्यात खाद्य तयार व्हावं म्हणून स्वतः शेण कालवून घालायची. त्या पावसानंतर दोन दिवसांत सगळी पिल्लं पोट वर करून काठाला लागली. बाईनं शेण जास्त घातलं, असं गाव म्हणू लागलं.

नकाशा दाखवायची बैठक झाली, लोक उठले, ती मागे थांबली. म्हणाली, "भाऊ, तुमच्या कागदात माही बोडी हिरवी हाये. मंग शेनानंच मेले असतीन का जी? माया हातानं जास्त पडलं असंन?"

मी नकाशाची गुंडाळी करत होतो. मान वर न करता म्हणालो, "असू शकतं."

— हेच ते. तक्ता नव्हे. हे दोन शब्द.

तिनं पुन्हा मासे सोडले नाहीत. तिचा नवरा अजून पाहुण्यांसमोर सांगतो, आमची बाई गळ न टाकता मासे मारते, नुसत्या शेणानं. सगळे हसतात. तीही हसते. एकदा मी तिथं बसलो होतो. चहा पीत राहिलो.

तणनाशकानंच ती पिल्लं मेली का? आता कुणालाच सांगता येणार नाही. तपासायला त्या पाण्याची बाटली मी भरलीच नाही.

आता तोच नकाशा धरून खालच्या गावांत धुऱ्यावर गवत लावायचं काम गाळायचं ठरतंय. गरज नाही म्हणे, इथं पाणी पाच दिवस थांबतं. म्हणून काल मी तो रकाना पुन्हा भरला. आठवतं तिथं 'एक', आठवत नाही तिथं 'माहीत नाही'. खाली सही केली आणि संस्थेला व मॅडमना पाठवला. नोकरीचं जे व्हायचं ते होईल.

उद्या सकाळी देवकाबाईकडे जाणार आहे. नवरा घरी असतो त्याच वेळी, म्हणजे त्यालाही ऐकू जाईल. काय बोलायचं ते ठरलं आहे. शेणाचं मला माहीत नाही, बाई. पण त्या दिवशी वरचे सगळे धुरे फोडलेले मी पाहिले होते. पाणी तुमच्या बोडीत उतरताना पाहिलं होतं. तुम्ही विचारलंत तेव्हाही मला ते माहीत होतं.