उकंडराव आणि भर पाण्यात थांबणारं इंजिन

उकंडरावला राग आला की तो आधी हातातला पाना खाली ठेवतो. त्या आठवड्यात पाना त्याच्या हातात कमी आणि जमिनीवर जास्त होता.

धरणाचा फुगवटा आमचं गाव आणि गावाची निम्मी शेतं यांच्या मध्ये येऊन बसला. पुलाचे दोन खांब उभे राहिले, त्यांवर बगळे बसू लागले आणि काम तिथेच थांबलं. पलीकडे जायला मोताळ्यावरून मोठा वळसा पडतो. म्हणून कापूस वेचायला जाणाऱ्या बाया उकंडरावच्या नावेतून जातात. त्याचं स्वतःचं शेत फुगवट्याच्या तळाशी आहे. ही नाव गेली तर त्याच्याकडे दाखवण्यासारखं काही उरत नाही.

नाव त्याने जाड पत्र्याची बांधली. इंजिन मात्र एका बंद पडलेल्या बोट-क्लबच्या लिलावातलं, हलक्या आणि पर्यटकांना किंचाळायला लावणाऱ्या बोटीचं. त्यावर पट्ट्याने फिरणारा एक ब्लोअर आहे. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. तेवढंच जास्तीचं पेट्रोलही आत गेलं, तर गाठोड्यांनी भरलेली नाव वाऱ्याच्या तोंडावरही पुढे सरकते. पेट्रोल कमी पडलं तर काय होतं, ते दसरा झाल्यावरच्या सोमवारी कळलं.

नाव मध्यावर होती. उकंडरावने जोर दिला आणि कार्बोरेटरमधून फटाका फुटला. जाळाची एक जीभ अन्नपूर्णाबाईच्या पदराला चाटून गेली आणि इंजिन मेलं. वल्ही मारत, शिव्या खात, नाव कशीबशी काठाला आली.

अन्नपूर्णाबाई वेचणाऱ्या बायांची पुढारी. नात्याने उकंडरावची चुलत वहिनी. काठावर उतरल्यावर तिने करपलेला पदर त्याच्यासमोर धरला.

“मले जाळाचं व्हतं, तं गावात जाळाचं व्हतं भाऊजी. पान्यात नेऊन काऊन?”

“मशीन हाय ते वयनी. बिघडते.”

“बिघडते तं नीट करा. येत्या सोमवारी नीट नसलं, तं एक बी बाई पाय ठेवनार नाई. अन् तहसीलीत मी सोता जाऊन सांगतो, हे नाव पान्यावरून काढा म्हनून.”

उकंडरावने स्पार्क प्लग काढले. खडूसारखे पांढरे. म्हणजे हवा भरपूर आणि पेट्रोल अपुरं. त्याने कार्बोरेटर उघडून धुतला, जाळी धुतली, पंप तपासला. मग पेट्रोलवाल्याशी भांडून आला. बरणीत घेतलेलं पेट्रोल स्वच्छ निघालं, याचा त्याला आणखी राग आला. शेवटी पेट्रोल सोडणारा जेट काढून त्याने मोठ्या भोकाचा बसवला, स्क्रूही सैल केला. आता इंजिन काठावर काळा धूर ओकू लागलं आणि आत जाऊन जोर दिला की पुन्हा तोच फटाका. घाटावर धुणं धुणाऱ्या बाया हे सगळं बघत होत्या.

“भाऊजी, दिवाळी अजून दूर हाय!” एकीने हाक दिली.

“तुमच्या घरी येऊन फोडतो बाकीचे!” तो तिथूनच ओरडला.

रविवारी तो काही न उघडता इंजिनासमोर नुसता बसला. हळू चालताना इंजिन मरत नव्हतं, ब्लोअर जोरात फिरला की मरत होतं. ब्लोअरचा दाब वाढतो, तसा पेट्रोलचा दाबही वाढावा म्हणून ब्लोअर आणि पेट्रोलचा पंप यांच्यामध्ये एक बारीक रबरी नळी असते. तेवढी एक त्याने पाहिली नव्हती. तिच्यावर खंडेनवमीच्या पूजेचा झेंडूचा हार वाळून चिकटला होता, आणि पूजेचा हार आपण होऊन गळेपर्यंत आमच्याकडे कोणी काढत नाही.

त्याने हार उचलला. खाली लाल-पिवळे धागे होते, एकावर एक, करकचून बांधलेले. नळी तिथे मुंगीच्या कमरेएवढी झाली होती.

“मनकर्णे!”

बायको पिठाच्या हातांनी बाहेर आली.

“हे कोनं केलं?”

“बायाईनं. नवमीले तुमी नारळ फोडून जेवाले गेले, तवा. भेव वाटते त्याईले पान्याचं. वयनीनं सगळ्याईच्या आधी बांधला.”

उकंडराव तसाच अन्नपूर्णाबाईच्या अंगणात गेला. “तुमच्याच धाग्यानं तुमचा पदर जाळला वयनी! अन् गावभर बोंब माही!”

तिचाही आवाज चढला. “मंग कुठं बांधाचा व्हता? सारं लोखंड. हाताले नरम लागलं ते तेवढंच. तुमी कदी इचारलं, बायांनो, भेव वाटते का म्हनून?”

“कापून टाकतो आता.”

“हात लावून पाहा! माही गाठ हाय, मीच सोडीन.”

ती आली, मागून बाकीच्याही आल्या. तेलाने गाठी आवळल्या होत्या. कोणी दात लावले, कोणी केसातला आकडा. उकंडराव पाठ करून उभा राहिला. ज्यांना तो रोज पलीकडे नेतो, त्या इतक्या घाबरत असतील हे त्याला माहीत नव्हतं, आणि त्याचाही त्याला राग येत होता.

धागे सुटल्यावर त्याने चेंगरलेली नळी बदलली. जुना जेट परत बसवला, स्क्रू होता तिथे आणला. रिकामी नाव मध्यापर्यंत जाऊन सुरळीत परतली.

“रिकामी तं कोनाची बी चालते,” घाटावरून कोणीतरी म्हणालं. बसायला कोणी पुढे येईना.

अन्नपूर्णाबाईने नावेत मातीची पोती टाकायला लावली. मग बुडालोच तर तरंगायला म्हणून बूच लावलेली रिकामी कॅन पोटाशी धरून स्वतः चढली आणि त्याच्याकडे पाठ करून बसली.

“चालवा. डुबलो तं दोघं डुबू.”

पुलाच्या खांबांजवळ वारा अंगावर आला. तिथे उकंडरावने पूर्ण जोर दिला. ब्लोअर शिट्टीसारखा वाजू लागला, इंजिनाचा आवाज जाड झाला, आणि नाव नाक वर करून पुढे गेली. फटाका झाला नाही. अन्नपूर्णाबाई कॅन आवळून त्या अर्ध्या खांबांकडे बघत होती. जवळून जाताना ती त्यांच्या दिशेने थुंकली.

“आयकून राह्यले का आवाज?” तो ओरडला.

“मी काय बह्यरी हाय?”

पलीकडे बोंडं उलली होती. आठवडाभर हात न लागलेला कापूस खाली लोंबत होता, काही मातीतही पडला होता. तो बघून तिने दात आवळले. पदराची ओटी केली.

“आलीच हाव तं दोन ओळी वेचतो. उद्या सगळ्याईले आनतो, दिवस निघता निघता. नाव तयार नसली तं पायजा मंग.” ती कपाशीत शिरली. “अन् जाऊ नका मले सोडून!”

“थांबतो ना!” उकंडरावने इंजिन बंद केलं, तरी तो ओरडूनच बोलत होता. “मी काय पळून जाऊन राह्यलो?”