श्वास सोडतानाचा चेहरा

माझ्या वहिनींनी एकवीस वर्षे अंधारात नोकरी केली. हे ऐकून लोक हळहळतात, आणि त्या हळहळीचा वहिनींना राग येतो.

"अंधारात काय वाईट असतं, भाऊजी?" त्या मला विचारतात. "उजेडात बसणारे तरी कुठे सगळं बघतात?"

ही नोकरी एका मोठ्या रुग्णालयात, एक्स-रे विभागाच्या डार्करूममध्ये होती. खोली दहा फूट लांब, सहा फूट रुंद. भिंतीत दोन्हीकडून उघडणारा एक लहान कप्पा. पलीकडे तंत्रज्ञ रुग्णाला यंत्रासमोर उभे करी आणि काम झाले की फिल्मची पेटी त्या कप्प्यात सरकवी. अलीकडून वहिनी ती घेत, मंद लाल दिव्यात फिल्म बाहेर काढत, चौकटीत अडकवत, औषधात बुडवत, धुऊन वाळत घालत. दिवसाला शंभर-सव्वाशे फिल्म. फासळ्या, गुडघे, मणके, कवट्या. ज्यांची ही हाडे, ती माणसे त्यांना कधीच दिसली नाहीत. भिंतीपलीकडून फक्त तंत्रज्ञाचा आवाज येई : "श्वास घ्या. धरून ठेवा." मग क्षणभर शांतता. "सोडा." आणि त्यामागोमाग एक लांब सुस्कारा. वहिनींच्या कानांवरून असे किती सुस्कारे गेले असतील, त्याची गणती नाही.

पुढे यंत्रे बदलली. चित्रे थेट संगणकावर दिसू लागली आणि डार्करूममध्ये मोडक्या खुर्च्या रचल्या गेल्या. वहिनींना टोकनच्या खिडकीत बसवण्यात आले. समोर माणूस आला की त्याला नंबर द्यायचा, पुढचा आला की पुढचा नंबर. पहिल्या आठवड्यातच त्या घरी येऊन म्हणाल्या, "आता दिवसभर माणसं समोर असतात, पण त्यांच्यापेक्षा हाडंच जास्त ओळखीची वाटायची."

त्या खिडकीतून सुटण्याची वाट त्यांना सूचनाफलकावर सापडली. रुग्णालयात एक छायाचित्रकार असे. जखमा, भाजलेले हात, शस्त्रक्रियेच्या आधीची आणि नंतरची अवस्था यांचे फोटो तो काढी. तो दोन वर्षांनी निवृत्त होणार होता. जागा आतल्याच माणसाला मिळणार होती, अट एकच : छायाचित्रणाचे प्रमाणपत्र. संध्याकाळच्या वर्गांचा अभ्यासक्रमही नेमका दोन वर्षांचा. म्हणजे एकदाही नापास व्हायची सोय नव्हती.

प्रवेश घ्यायला मी त्यांच्यासोबत गेलो होतो. त्यांच्याच घरी राहून मी कॉलेज शिकलो आणि नोकरीला लागल्यावरही तिथेच राहिलो, तेव्हा एवढे तर माझ्याकडे येतच होते. संस्थेच्या कचेरीत एक कारकून बसत. विद्यार्थी त्यांना 'शिक्का' म्हणत, कारण त्यांचा चेहरा एकदाच कोरून ठेवल्यासारखा होता.

"मुलीचा फॉर्म का?" शिक्क्यांनी विचारले.

"माझा."

"वयाच्या रकान्यात चूक झालेली दिसते."

"चूक नाही. त्रेचाळीसच आहे."

"म्हणजे शिकणार तुम्ही स्वतः?"

"का? तुमच्या नियमात शिकायचं वय लिहिलंय का?"

त्यांनी नियमांची पुस्तिका काढली, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत शांतपणे वाचली आणि मिटली. "नाही लिहिलेलं," ते म्हणाले, आणि फॉर्मवर शिक्का मारला. चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही.

वर्गात सगळी वीस-बावीस वर्षांची मुलेमुली. पहिल्याच दिवशी वहिनी 'काकू' झाल्या. दुसऱ्या आठवड्यात फिल्म धुण्याचा पाठ होता. लहानशा अंधाऱ्या खोलीत एकेकाने जायचे, कॅमेऱ्यातली फिल्म चाचपडत फिरकीवर गुंडाळायची आणि औषधात सोडायची. मुले घामाघूम होऊन बाहेर येत होती. कुणाची फिल्म चुरगळली, कुणाची जमिनीवर पडली, एक जण तर दार सापडेना म्हणून आतून हाका मारत होता. वहिनी आत गेल्या आणि बाकीच्यांना जेवढा वेळ लागला त्याच्या निम्म्यात बाहेर आल्या. सर म्हणाले, "बघा, याला म्हणतात हात बसणं."

फिल्म धुऊन वर काढली, तर ती या टोकापासून त्या टोकापर्यंत काळीकुट्ट.

"काकू, अमावास्येचे फोटो काढले काय?" मागून कुणीतरी विचारले आणि वर्ग खदाखदा हसला.

सरांनी फिल्म हातात धरली. "आत लाल दिवा लावला होता?"

वहिनींना कळेना, त्यात विचारण्यासारखे काय आहे. एकवीस वर्षे आत शिरले की हात आपोआप दिव्याच्या बटणाकडे जात आला होता. सरांनी समजावले : एक्स-रेच्या फिल्मला लाल रंग दिसत नाही, फोटो छापायच्या कागदालाही दिसत नाही, म्हणून त्या कामांना तो दिवा चालतो. कॅमेऱ्याच्या फिल्मला मात्र सगळे रंग दिसतात. तिच्यापुढे लाल दिवा लावणे म्हणजे तिला भर उन्हात पसरणे.

त्या संध्याकाळी वहिनी भांडी जरा जोरात ठेवत होत्या, एवढेच. दुसऱ्या दिवशी त्यांनी रुग्णालयातून जखमेवर लावायच्या चिकटपट्टीची गुंडाळी आणली आणि संस्थेत गेल्यावर लाल दिव्याच्या बटणावर दोन पट्ट्या आडव्या-उभ्या चिकटवल्या. फिल्मचे काम सुरू करण्याआधी पट्टी लावायची, छपाईच्या वेळी काढायची.

"काकू, बटणाला लागलंय का?" मुलांनी विचारले.

"लागू नये म्हणून लावलीय," वहिनी म्हणाल्या.

महिनाभरात हसणारी मुलेही विचारू लागली, "पट्टी लावली का?" कारण छपाईच्या सवयीने त्यांच्याही दोघातिघांच्या फिल्म काळ्या झाल्या होत्या.

अंधाराचा प्रश्न असा सुटला. उजेडाचा सुटेना. वहिनी जिने काढत, खिडक्यांचे गज काढत, उलटी ठेवलेली बादली काढत, आणि ते सगळे इतके नेमके असे की सर निगेटिव्ह वर्गात फिरवत. छापण्याआधीच नुसत्या निगेटिव्हकडे बघून त्या सांगत, कुठे सावली दाट येईल आणि कुठे तपशील हरवेल. पण माणूस समोर बसला की सगळे बिघडे. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर त्यांनी शेजारणीचा फोटो नेला, तेव्हा सरांनी तो उजेडाकडे धरून पाहिला.

"काकू, हा एक्स-रे आहे," ते शेवटी म्हणाले. "यात सगळं दिसतंय, पण बाई काही भेटत नाहीत."

आणि शेवटच्या परीक्षेत माणसाचाच फोटो होता. पुढे घड्यांचा भाता असलेला मोठा कॅमेरा, एका चपट्या पेटीत दोन बाजूंना दोन फिल्म, आणि चिठ्ठी टाकून ठरलेला संस्थेतलाच एखादा माणूस. दोन फिल्म म्हणजे दोनच फोटो. त्याच दिवशी धुवायचे आणि त्यातला एक छापून परीक्षकांपुढे ठेवायचा.

तेव्हा घरात सराव सुरू झाला आणि बळी गेला दादाचा. माझा थोरला भाऊ एरवी गप्पिष्ट माणूस, पण कॅमेऱ्यासमोर बसला की छाती फुगवून, ओठ मिटून असा काही ताठ होई की पुतणी म्हणे, "बाबा, तुमच्यावर बक्षीस लावलंय का पोलिसांनी?" लग्नाच्या फोटोपासून आजवरच्या एकूण एक फोटोत त्याचे डोळे मिटलेले आहेत.

परीक्षेच्या चार दिवस आधीची रविवारची सकाळ. खिडकीपाशी दादा, समोर वहिनी, बाजूला दिव्यावर पांढरी चादर धरून मी. फोटोवर फोटो झाले. शेवटचा फोटोही गेला, तरी दादा श्वास कोंडून तसाच बसलेला. त्याच्या कपाळावरची शीर फुगली.

वहिनी वैतागून ओरडल्या, "अहो, झालं! सोडा तो श्वास, जीव जाईल!"

दादाने श्वास सोडला. खांदे उतरले, जबडा सैल झाला, डोळे उघडले आणि चेहऱ्यावर क्षणभर असा काही निवांतपणा आला की मीसुद्धा चादर धरल्या जागी बघत राहिलो. रोज चहा पिताना मला दिसणारा माझा भाऊ तो हाच. वहिनींनी कॅमेरा उचलला, पण आत फिल्म नव्हती.

"हाच तो," त्या पुटपुटल्या. "भिंतीपलीकडे सुस्कारा टाकणारा तो हाच."

"कोण?" दादा दचकून म्हणाला.

नवी फिल्म आणायला दुकान उघडे नव्हते. मग तीन दिवस रुग्णालयात जादा पाळी लागली. जे सुचले होते ते एकदाही करून न बघता वहिनी परीक्षेला गेल्या.

चिठ्ठीत शिक्क्यांचे नाव निघाले. वर्गात हसू फुटले, आणि या वेळी त्यात कीव होती.

शिक्के आले, स्टुलावर बसले, हात गुडघ्यांवर ठेवले आणि कोरल्यासारखे झाले. वहिनींनी प्रकाश बेतला, कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर चित्र नेमके केले, पेटी बसवली आणि पहिला फोटो काढला. काढतानाच त्यांना कळले की हा ओळखपत्रावरचा फोटो झाला. पेटी उलटी केली. आता एकच उरला. त्यांनी फोटो टिपायचे लांब वायरीचे बटण हातात घेतले आणि कॅमेऱ्याच्या बाजूला, शिक्क्यांच्या समोर उभ्या राहिल्या.

"श्वास घ्या."

"तब्येत बरी आहे माझी," शिक्के म्हणाले.

"माहीत आहे. घ्या."

त्यांनी घेतला.

"धरून ठेवा."

शिक्क्यांचा चेहरा आणखी घट्ट झाला, कानांच्या पाळ्या लाल झाल्या. वहिनी थांबल्या. भिंतीपलीकडे तंत्रज्ञ किती वेळ थांबतो, ते त्यांच्या अंगात भिनलेले होते.

"सोडा."

सुस्कारा आला. तो संपता संपता वहिनींनी बटण दाबले.

पुढचे मला त्यांनीच सांगितले. पेटी घेऊन त्या अंधाऱ्या खोलीत गेल्या. नेहमीप्रमाणे लाल दिव्याच्या बटणावर पट्टी लावली, साधा दिवा मालवला. सुलट बाजू कळावी म्हणून फिल्मच्या कोपऱ्यावर असलेल्या खाचा बोटाने तपासून दोन्ही फिल्म औषधाच्या तबकात सोडल्या आणि मनात मिनिटे मोजू लागल्या. पण या वेळी मोजण्यात लक्ष लागेना. त्या सुस्काऱ्यानंतर चेहरा खरोखर फिल्मवर आला असेल का? की आपण अर्धा क्षण उशीर केला? या विचारात असताना त्यांचा उजवा हात आपणहून वर गेला आणि भिंतीवरच्या ओळखीच्या जागी पोहोचला.

बोटांना चिकटपट्टी लागली.

"भाऊजी, पट्टी नसती तर दोन्ही फोटो गेले असते," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं झाली, पण हाताला अजून जुनंच घर माहीत होतं." त्यांनी डाव्या हाताने उजवे मनगट धरले आणि उरलेला वेळ एकाच हाताने तबक हलवले.

दिवा लावल्यावर त्यांनी दुसरी निगेटिव्ह वर धरली. छापायची वाट बघायला लागली नाही. दारातून डोकावून त्या सरांना म्हणाल्या, "आले."

"कोण?"

"तेच. भेटायला आले."

संध्याकाळी बाहेरून आलेले परीक्षक टेबलावरचे फोटो एकेक करून बघत होते. मी आणि दादा दाराशी उभे होतो. वहिनींच्या फोटोपाशी ते थांबले, पुढे गेले आणि परत आले. फोटोत एक प्रौढ माणूस होता. दिवसभराचे ओझे नुकतेच खाली ठेवल्यासारखे त्याचे खांदे, आणि डोळ्यांत काहीशी लाजरी, पोरकट सुटका.

"हे गृहस्थ कोण?" परीक्षकांनी विचारले. "यांना कधी बघितल्याचं आठवत नाही. बाहेरून बोलावलं होतं का?"

गुणांचा तक्ता घेऊन त्यांच्या शेजारी उभे असलेले शिक्के खाकरले.

"मीच तो, साहेब. पंधरा वर्षं तुम्हाला हा तक्ता मीच देतोय."

परीक्षकांनी एकदा फोटोकडे पाहिले, एकदा शिक्क्यांकडे, आणि मग मोठ्याने हसले. तक्त्यात वहिनींच्या नावापुढे त्यांनी जो आकडा लिहिला, तो त्या वर्षी दुसऱ्या कुणाच्याही नावापुढे लिहिला गेला नाही. मुलांनी "काकू, काकू" म्हणत टेबले बडवली. दादा टाळ्या वाजवता वाजवता डोळे पुसत होता आणि मला सांगत होता, धूळ फार आहे इथे.

निघताना शिक्क्यांनी वहिनींना बाजूला घेतले. "याची एक प्रत मिळेल का?" त्यांनी हळू आवाजात विचारले. "घरी सांगून कुणी विश्वास ठेवणार नाही."

"दोन देते," वहिनी म्हणाल्या.

अर्जाची मुदत संपायला आठवडा असताना प्रमाणपत्र रुग्णालयात पोहोचले आणि जागा त्यांना मिळाली. छायाचित्र विभागाला नवी खोली हवी होती. वहिनींनी जुनी डार्करूम मागून घेतली, तिथल्या मोडक्या खुर्च्या आम्ही तिघांनी मिळून बाहेर काढल्या. खिडकी नाही, म्हणून दिवे हवे तसे लावता येतात. भिंतीतला कप्पा अजून आहे.

परवा डबा द्यायला गेलो, तेव्हा दार बंद होते. मी बाहेरच्या बाकावर बसलो. आत कुणाच्या तरी भाजलेल्या हाताचा फोटो चालला असावा, कण्हण्याचा आवाज येत होता. मग वहिनींचा आवाज आला, ठाम आणि सावकाश :

"श्वास घ्या. धरून ठेवा. आता सोडा."

बाकावर शेजारी टोकन घेऊन बसलेल्या म्हातारबांनीही माझ्याबरोबर श्वास सोडला.