आत्याच्या पायवाटा

आमच्या आत्याइतकं चालणारं माणूस पलूस-तासगाव पट्ट्यात दुसरं नव्हतं, आणि दुसऱ्याला चालायला लावणारं तर नव्हतंच. तिचे यजमान फौजेत. लढाई सुरू होऊन ते परदेशी गेले, तशी ती पुण्याच्या छावणीतून माहेरी, पलूसला आली. ट्रंकेबरोबर एक खूळही घेऊन आली. छावणीत म्हणे माणसांना चालायला झाडांखालून वेगळी वाट असे. "मग आमच्याच बायकांनी भारा घेऊन गाडीवाटंच्या चिखलात का रुतावं?" असं ती दारी येईल त्याला विचारी, बांगड्या भरायला आलेल्या कासारणीलाही.

उत्तराची वाट न बघता तिनं काम सुरू केलं. शेतकऱ्यांना गाठून बांध रुंद करून घ्यायचे, ओढ्याच्या कडेनं गल्ली शाळेला आणि शाळा बाजाराला जोडायची, आणि दुतर्फा करंज लावायचे, कारण करंजाला शेळी तोंड लावत नाही. वाटेचे कायदेही तिचेच. भारेवाली समोर आली की सायकलवाल्यानं उतरायचं. एकदा हेडमास्तर उतरले नाहीत, तर तिनं हँडल धरून त्यांना उतरवलं आणि वर घरच्यांची खुशालीही विचारली.

अडले ते एक ऊसवाले आबा. त्यांचा बांध नेमका मधोमध. तिथं त्यांनी काट्या टाकल्या आणि सगळ्या वाटाच तुटल्या. आत्या भांडली नाही. दुसऱ्या सकाळपासून तिनं साऱ्या बायका आबांच्या अंगणातून न्यायला सुरुवात केली. जी ती भारा टेकी, पाणी मागे, आबांच्या गुडघेदुखीवर औषध सांगे. शेळ्या ओसरीवर चढत.

"आक्का, ह्यो काय परकार?" आबा शेवटी म्हणाले.

"आवं, बांधावर काटं हायती. आन तुमचं अंगण लय गार हाय."

संध्याकाळच्या आत काट्या उचलल्या गेल्या. उन्हाळ्यात तर आबाच रोपांना घागरीनं पाणी घालताना दिसू लागले. पुढं सांगलीचा पाहुणा आला, की आम्ही त्याला आधी आत्याच्या वाटांवरून हिंडवून आणायचो आणि चहा नंतर पाजायचो.

लढाईवरून यजमान सुखरूप परतले आणि दोघं साताऱ्याला राहायला गेली. बऱ्याच वर्षांनी ती आली तेव्हा करंज वर एकमेकांत मिसळले होते. माझ्या खांद्यावर हात ठेवून ती सावकाश चालत होती. समोरून एक नवी नवरी भारा घेऊन आली. "आजी, जरा कडंला व्हता का?" म्हणाली. आत्या कोण, हे तिला ठाऊक नव्हतं. मी सांगायला तोंड उघडलं, तर आत्यानं माझा खांदा दाबला आणि ती कडेला झाली. ती पोर वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली.

"कशी निवांत चाललीया बघ," ती हळूच म्हणाली.