आठवड्यात दोन रविवार

नरहरभाऊ बोकारे रिकामे बसलेले दिसले, तर खुशाल समजावं की त्यांना ताप आहे. भोपाळजवळ मंडीदीपच्या एका पुठ्ठ्याच्या कारखान्यात ते तीसेक वर्षं बॉयलर सांभाळतात. वडील मूळचे नागपूरचे. मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून भोपाळला आली तेव्हा सरकारी कचेरीतल्या फायलींबरोबर तेही आले आणि टी. टी. नगरच्या क्वार्टरात त्यांनी संसार थाटला. मुलाला त्यांनी वेळेवर कामावर जायला शिकवलं. सुट्टीचं काय करायचं, हे शिकवायचं तेवढं राहून गेलं.

आणि अशा माणसाला एक दिवस कारखान्यानं सांगितलं की आठवडा आता सहा दिवसांचा नाही, पाच दिवसांचा. तीन महिने करून पाहू, ज्याला जुनंच बरं वाटेल त्यानं तसं कळवावं. भाऊंच्या वाट्याला रविवारच्या जोडीला शुक्रवार आला. बाग सेवनिया भागातल्या घरी येऊन त्यांनी चपला काढायच्या आधी ही बातमी सांगितली.

"मंजूषा, शुक्रवारी सकाळी आपण दोघं तलावावर जाऊ. रविवारी तिथं फार भीड असते. मग घरी येऊन निवांत गप्पा मारू."

मुलगी लग्न होऊन पुण्याला गेल्यापासून घरात दोघंच. तरी बायकोशी निवांत बोलणं कधी झालंच नाही, याचं भाऊंना मनापासून वाईट वाटत असे. मंजूषावहिनी "बघू" म्हणाल्या. वहिनींचं "बघू" म्हणजे काय, हे एवढ्या वर्षांत तरी कळायला हवं होतं.

पहिल्या शुक्रवारी तलाव राहिला बाजूला आणि भाऊंमधला कारागीर जागा झाला. कारखान्यात वर्षातून एकदा शटडाऊन असतो. बॉयलर थंड करायचा आणि जे जे उघडता येतं ते एकदमच उघडून साफ करायचं. भाऊंनी घराचा शटडाऊन जाहीर केला. वहिनी भाजी आणायला गेल्या तेवढ्यात मिक्सर, गॅसची शेगडी आणि स्वयंपाकघरातला नळ असे तिन्ही सुटे होऊन वर्तमानपत्रावर मांडले गेले. मिक्सर परत जुळला, शेगडीही जुळली, पण नळाला वॉशर मिळेना. वहिनींनी संध्याकाळपर्यंत न्हाणीघरातून बादल्या आणून भांडी घासली. रात्री पान्यांची पेटी माळ्यावर गेली.

मग भाऊ खुर्चीत बसू लागले. बसल्या माणसाला भूक फार लागते. सकाळी पोहे, अकराला चहा, दुपारी गरम वरण-भात आणि वर "आज सुट्टी आहे, काहीतरी गोड कर ना." चारला ओळखीपाळखीचे येत, त्यांचा चहा वेगळा. "अगं, ये ना, बस जरा, गप्पा मारू," असं भाऊ खुर्चीतून मोठ्या प्रेमानं ओरडत आणि आतून कुकरची शिट्टी उत्तर देई. तलाव प्रत्येक वेळी पुढच्या शुक्रवारावर जाई.

असे अडीच महिने गेले. एका शुक्रवारी भाऊंनी तिसरा चहा मागितला, तेव्हा वहिनी हातातला झारा तसाच घेऊन बाहेर आल्या.

"अहो, तुम्ही आपले सहा दिवसच जा कामावर. सांगून टाका ऑफिसात."

"का? काय झालं?"

"आधी आठवड्यात एक रविवार होता, तो कसातरी निभावायची. आता दोन झाले. तुमचा कामाचा एक दिवस कमी झाला, तो माझ्या डोक्यावर आला."

"म्हणजे मी घरात नको आहे का तुला?"

"तुम्ही हवे आहात," वहिनी म्हणाल्या. "तुमची सुट्टी नको आहे."

भाऊंचा चेहरा पडला. ज्या बायकोसाठी हा शुक्रवार, तिलाच तो नकोसा व्हावा? रागापेक्षा दुःखच जास्त झालं. ठीक आहे, सोमवारी पाळी संपली की सांगून टाकू, असं त्यांनी ठरवलं.

सोमवारी पाळी संपली, पण त्यांचा रिलीव्हर जितेंद्र आलाच नाही. बॉयलरचा कायदा कडक असतो. पुढच्या पाळीचा माणूस येऊन चार्ज घेत नाही, तोवर आधीच्यानं जागा सोडायची नाही, मग जीव जावो की राहो. जितेंद्र धापा टाकत आला तो चांगला तासाभरानं.

"नरहरभाऊ, सॉरी यार! पुलावर ट्रक पलटला, सगळा जाम."

"अरे, काही माणुसकी आहे की नाही?" भाऊ कडाडले. "माणसानं किती वेळ उभं राहायचं? सुटका म्हणून काही असते की नाही?"

हे म्हणाले आणि बसमध्ये बसल्यावर आपलेच शब्द त्यांना चावायला लागले. एका तासात आपलं डोकं फिरलं. मंजूषाचा रिलीव्हर तर लग्न झाल्यापासून आलेला नाही. ती आपली शेगडीपाशी उभी आहे आणि आपण खुर्चीतून तिला गप्पा मारायला बोलावतो आहोत. होशंगाबाद रोडवर भर गर्दीच्या बसमध्ये या दणकट माणसाचे डोळे भरून आले, आणि शेजारच्यानं विचारलं तेव्हा त्यांनी धुळीवर ढकललं.

ऑफिसात त्यांनी काहीच सांगितलं नाही. गुरुवारी रात्री जेवण झाल्यावर ते वहिनींना म्हणाले, "उद्या नऊ वाजता मी चार्ज घेतो. तू सुटलीस."

"कसला चार्ज?"

"घराचा. काय कुठे आहे, काय कसं चालतं, सगळं सांग. मशीन सोपवताना आम्ही तिच्या खोड्यासुद्धा सांगतो."

वहिनी आधी हसल्या. मग भाऊ खरंच बोलताहेत हे पाहून त्यांनी दाखवायला सुरुवात केली. डावा बर्नर आधी भडकतो मग शांत होतो, कणकेला पाणी एकदम घालायचं नाही, दूधवाला हाक देत नाही. तीस वर्षं दुसऱ्याच्या मशीनचा आवाज ऐकून रोग सांगणारे भाऊ डाळीचा डबा ओळखू शकले नाहीत. त्यांना लाज वाटली, आणि वाटायलाच हवी होती.

शुक्रवारी नऊला वहिनी पर्स घेऊन निघाल्या. दारात थबकल्या. "पण मी जाऊ कुठे?"

"ते मला कसं ठाऊक? रिलीव्हर कधी विचारत नसतो."

दिवसभरात भाऊंचा भात करपला, दूध उतू गेलं आणि चारच्या पाहुण्यांना बिस्किटांवर भागवावं लागलं. पोळ्यांबद्दल न बोललेलं बरं. पण जागा त्यांनी सोडली नाही.

संध्याकाळी वहिनी आल्या. कंपनीची मुदत संपत आली होती, म्हणून भाऊंनी भीत भीत विचारलं, "मग, सोमवारी सांगू का ऑफिसात? सहा दिवस?"

"खबरदार," वहिनी म्हणाल्या आणि चक्क भाऊंच्या खुर्चीत बसल्या. "तलावावर गेले होते. बाकावर बसले, कितीतरी वेळ. मग न्यू मार्केटला जाऊन दहीवडा खाल्ला, वर जिलबी खाल्ली. एकटीनं."

भाऊंची नजर सवयीनं त्यांच्या हाताकडे गेली. बाहेर काही खाल्लं आणि घरच्यांसाठी बांधून आणलं नाही, असं या बाईच्या हातून आजवर घडलं नव्हतं. हात रिकामे होते.

"माझ्यासाठी आणायचं विसरलीस?"

"नाही हो," वहिनी पाय लांब करत म्हणाल्या. "चांगलं लक्षात होतं."