दोन जातींचे पिवळे पक्षी
मोठा पक्षी छोट्याच्या पाठीवर बसून त्याचं डोकं टोचत होता. मी पिंजऱ्याच्या दारातून हात घातला, पण दार चिमुकलं आणि माझी बोटं संधिवाताने वाकडी झालेली. हात मध्येच अडकला. छोटा ओरडायचाही थांबला.

दोन्ही पक्षी पिवळे, दक्षिण अमेरिकेतले. एक चिमणीएवढा, दुसरा तिच्याहून लहान. इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत, आमच्या शेजारच्या गोऱ्या म्हाताऱ्याने ते शेडमध्ये वेगवेगळ्या पिंजऱ्यांत पाळले होते. ऑपरेशनला जाताना त्याने मला चावी दिली आणि दोन बोटं लांब धरून म्हणाला, "नो मिक्स." छोट्या जातीची एकच जोडी होती. बाहेरून पक्षी आणायला बंदी आली होती. मेला तर दुसरा मिळणार नाही, हे सुनेने मला सांगितलं होतं.

मग दिवाळी आली. घर घासून झालं, तसे पिंजरेही घासले. तोवर सगळे पक्षी दाराशी लावलेल्या एका खोक्यात हुसकून ठेवले. पिंजरे वाळल्यावर फडक्याने एकेकाला धरून परत सोडलं. मोठ्यांचं कपाळ केशरी, छोट्यांच्या पाठीवर तपकिरी रेघा. त्यावरून वाटणी केली. मोठ्या जातीतल्या पोरसवदा नराचं कपाळ केशरी नसतं, त्यालाही रेघाच असतात, हे मला ठाऊक नव्हतं; तो छोट्यांत गेला. त्याची चोच मात्र जाड होती. ती बघायला हवी होती.

अडकलेला हात सोडवून मी धावत घरी गेले आणि सुनेला ऑफिसात फोन केला.

"अहो आई, त्यांनी दाणापाणी सांगितलं होतं. पिंजरे धुवायला कोणी सांगितलं?"

"दिवाळी आहे."

"पक्ष्यांची?"

"काय करू ते सांग."

"मला काय माहीत! पाणी मारा त्याच्यावर."

पाणी मारलं. मोठा उडून दांडीवर बसला आणि तिथेच चोच पुसू लागला. छोटा उठला नाही. त्याची मादी कोपऱ्यात अंग फुगवून बसली होती.

आठ दिवसांनी म्हातारा काठी टेकत आला. मला इंग्रजी येत नाही. एक गेला, म्हणून मी एक बोट दाखवलं. तो छोट्यांच्या पिंजऱ्यापाशी गेला. मग घासलेला तळ बाहेर ओढून त्यावरून हात फिरवत म्हणाला, "व्हेरी क्लीन."

मोठे सगळे जगले. छोट्यांतली मादी तेवढी जगली.